पायपेटी

मराठीच्या दोन प्राध्यापकांनी मायक्रोकंट्रोलरविषयी लिहावे, यात थोडा अनधिकार आहे याची आम्हाला जाणीव आहे. आमचा व्यवसाय संहिता, पाठभेद, छंद आणि परीक्षेचे पेपर यांच्याशी बांधलेला. 'कंट्रोलर' हा शब्द कानी पडला की आम्हाला प्रथम आठवतो तो परीक्षा नियंत्रक. तरीही २०१७ ते २०१८ या काळात एका बोटभर चिपने आमच्या घरात जे केले, त्यामुळे वाद्य, परंपरा आणि पाठ या आम्ही वर्गात सहज वापरत असलेल्या तिन्ही शब्दांकडे आम्हाला पुन्हा पाहावे लागले. म्हणून हा प्रपंच.

आमचे मूळ घर मळवली स्थानकापलीकडच्या एका गावात आहे. गावावरून नजर टाकली की भाज्याची लेणी दिसतात. आप्पा, म्हणजे आमच्यापैकी एकाचे वडील आणि दुसरीचे सासरे, रेल्वेतून निवृत्त झालेले. रुळांवरची नोकरी करीत त्यांनी चाळीसहून अधिक वर्षे गावच्या भजनी मंडळात पेटी वाजवली. शास्त्रोक्त तालीम नाही, स्वरलिपी वाचता येत नाही. परंतु कीर्तनकाराने कोणत्याही पट्टीत तोंड उघडले की आप्पांची बोटे तेथे आधीच पोहोचलेली असत. पंचक्रोशीत त्यांना पेटीमास्तर म्हणत.

जानेवारी २०१७ मध्ये त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. वाचा शाबूत राहिली, उजवे अंग शाबूत राहिले, डावा हात मात्र गेला. पेटीच्या बाबतीत या वाक्याचा अर्थ काय होतो हे आम्हाला पुष्कळ उशिरा कळले. लोक पेटीवादकाच्या उजव्या हाताकडे पाहतात, कारण तो दिसायला चपळ असतो. डावा हात नुसता भाता हलवतो असे वाटते. प्रत्यक्षात सूर फुलतो, दबतो, शब्दाखाली आडवा होतो किंवा टाळांच्या गजरातून वर येतो, ते सारे डाव्या हाताचे काम. आप्पांची बोटे राहिली होती आणि श्वास गेला होता.

त्या वर्षीच्या पाडव्याला आम्ही त्यांच्यासाठी दुकानातून एक इलेक्ट्रॉनिक कीबोर्ड आणला. त्यात शेकडो आवाज होते आणि त्यांपैकी एक हार्मोनियमचा होता. आप्पांनी दोन अभंगांच्या चाली वाजवल्या, यंत्र बंद केले आणि ते त्याच्या खोक्यात परत ठेवायला सांगितले. आम्हाला राग आला. इतके पैसे खर्च केले आणि म्हाताऱ्याचा हट्ट पाहा, असे आम्ही एकमेकांजवळ बोललोही. नंतर पेटीला विजेचा पंखा लावून भाता सतत भरलेला ठेवण्याची सूचना कोणी केली, तीही त्यांनी मोडून काढली. त्यांचे म्हणणे एवढेच होते : "सारखी हवा म्हंजी वारा. पेटीला दम लागतो."

त्याच दिवाळीत आमचा एक माजी विद्यार्थी घरी आला. बारावीपर्यंत आमच्याकडे मराठी शिकलेला, पुढे इलेक्ट्रॉनिक्सचा पदविकाधारक झालेला. आप्पांच्या खाटेशी बसून त्याने सारी हकीकत ऐकून घेतली आणि विचारले, "आजोबा, डाव्या हाताचं काम दुसऱ्या कुणी केलं तर चालेल का?" आप्पा थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "आमच्या ल्हानपणी नाटकवाल्यांची पायपेटी यायची गावात."

पायपेटी. हा शब्द आम्हाला अर्थातच ठाऊक होता. १८८० साली पुण्यात 'संगीत शाकुंतल' रंगमंचावर आले, त्यानंतरच्या संगीत रंगभूमीवर पायाने भाता मारायचा ऑर्गन किती काळ अधिराज्य गाजवीत होता, हे आम्ही दरवर्षी शिकवतो. गोविंदराव टेंब्यांचे नाव घेताना पेटीचा उल्लेख करतो. परंतु शिकवलेला शब्द उत्तर म्हणून उपयोगी पडेल असे आमच्या मनात कधी आले नव्हते. ते एका चौथी शिकलेल्या माणसाच्या मनात आले. जुनी पायपेटी मिळवणे, ती दुरुस्त करणारा शोधणे आणि ते धूड देवळात नेणे या तिन्ही गोष्टी दुरापास्त होत्या. पण मुलाला दिशा सापडली. उजव्या हाताने पट्ट्या, उजव्या पायाने भाता आणि भात्याच्या जागी एक चिप.

या ठिकाणी यंत्राविषयी थोडे सांगितले पाहिजे. १९८३ साली वाद्यनिर्मात्यांनी 'मिडी' नावाची एक समाईक भाषा स्वीकारली. एका कंपनीच्या वाद्याने दुसऱ्या कंपनीच्या वाद्याला आज्ञा द्यावी, यासाठी ती होती. या भाषेतले नेहमीचे वाक्य तीन अंकांचे असते : काय करायचे, कोणत्या पट्टीवर, किती जोराने. मधला सा (म्हणजे पाश्चात्त्यांचा मधला सी) हा साठावा. बहुतेक मोजमापे शून्य ते एकशे सत्तावीस, म्हणजे एकशे अठ्ठावीस पायऱ्यांत बसवलेली. या वाक्यांत आवाज कोठेच नसतो. भातखंड्यांची किंवा पलुस्करांची स्वरलिपी जशी स्वतः वाजत नाही, तसेच हे. कंट्रोलर म्हणजे अशी वाक्ये बोलणारे, स्वतः मुके असलेले वाद्य. ऐकणारा संगणक ती वाक्ये घेतो आणि आवाज काढतो.

एकेकाळी असे काही बनवणे मोठ्या संस्थांचे काम होते. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत १९६९ मध्ये मूग सिंथेसायझर आला, तो अमेरिकेहून. बंगळूरच्या जी. राज नारायण यांनी १९७०च्या दशकाच्या अखेरीस इलेक्ट्रॉनिक तंबोरा घडवला, तो स्वतः अभियंता आणि बासरीवादक असल्यामुळे. २००५ साली इटलीतील इव्हरिया येथे डिझाइनच्या विद्यार्थ्यांना परवडावा म्हणून 'आर्डुइनो' हा फलक तयार झाला, त्यानंतर चित्र पालटले. त्यावरची चिप संगणकाला तार जोडून हवी तशी शिकवता येते, चुकले तर पुसून पुन्हा शिकवता येते. आमच्या मुलाने वापरलेल्या चिपमध्ये प्रोग्रॅमसाठी अवघी ३२ किलोबाइट जागा होती. आमच्या एका शोधनिबंधाची फाइल तीत मावली नसती.

हा फलक, डायोड, तारा हे सारे त्याने लोणावळा लोकलने पुण्यास जाऊन बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीतून आणले. आप्पांची पेटी ३९ पट्ट्यांची होती. प्रत्येक पट्टीला एक तार लावायची तर फलकावर तेवढ्या जागाच नव्हत्या. त्याने पट्ट्यांची पाच ओळी आणि आठ रकाने अशी मांडणी केली. पाच आठे चाळीस. एक जागा रिकामी आणि तारा फक्त तेरा. चिप एकेक ओळ जागी करते आणि कोणत्या रकान्यात प्रतिसाद आला ते पाहते, सेकंदाला शेकडो वेळा. डायोड नसतील तर तीन पट्ट्या दाबल्यावर न दाबलेली चौथीही दाबल्यासारखी भासते. या भुताटकीला त्यांच्या भाषेत भूतपट्टी अशा अर्थाचाच शब्द आहे, हे ऐकून आम्हाला बरे वाटले.

पेटी उघडण्याचा दिवस मात्र आम्हाला जड गेला. ही पेटी आप्पांनी लग्नाआधी घेतलेली. तिच्या पट्ट्यांखाली पितळी पट्ट्या चिकटवायच्या, म्हणजे तिला नख लावायचे. आम्ही म्हणालो, जुना सांगाडा विकत आणू. आप्पा म्हणाले, "बोटांना हीच कळती." मुलाने शब्द दिला की आतल्या एकाही सुराला धक्का लागणार नाही, आणि तो त्याने पाळला. सूर जागच्या जागी राहिले. फक्त त्यांच्यापर्यंत हवा जाणार नव्हती.

आवाजही त्याच पेटीचा घ्यायचा ठरले. एकाने भाता मारायचा, दुसरीने पट्टी धरायची आणि मुलाने ध्वनिमुद्रण करायचे. घराजवळून लोहमार्ग जातो, पलीकडून द्रुतगती मार्ग. म्हणून आम्ही रात्री दोननंतर, दोन गाड्यांमधल्या शांततेत, ३९ सूर नोंदवले. मंद्र सप्तकातल्या धैवतामागे दूरवरच्या इंजिनाची शिटी आली आहे. आप्पांनी ती काढू दिली नाही.

मग गंधाराचा प्रश्न निघाला. पेटी आणि श्रुती यांचे भांडण मराठी वाचकाला नवे नाही. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी क्लेमंट्स या इंग्रज अधिकाऱ्याच्या साथीने बावीस श्रुतींच्या पेटीचा घाट घातला, त्याला शतक उलटून गेले. अलीकडे डॉ. विद्याधर ओक यांनी तेच स्वप्न वेगळ्या रीतीने प्रत्यक्षात आणले. समान विभागणीच्या पट्टीत शुद्ध गंधार सापासून ४०० सेंटवर असतो. तंबोऱ्यातून उमटणारा गंधार सुमारे ३८६ सेंटवर. हा चौदा सेंटचा फरक अंकात मांडता येत असेल तर चिपकडून तो काढून घेता येईल, असा आमचा सिद्धान्त. मुलाने ते केलेही. मिडीमध्ये सूर खालीवर सरकवण्याची आज्ञा एका वाहिनीवरच्या सर्व सुरांना एकदम लागू होते, म्हणून त्याने उपलब्ध सोळा वाहिन्यांपैकी बारा घेतल्या आणि सप्तकातल्या प्रत्येक स्वराला स्वतंत्र वाहिनी दिली. आम्ही खूश. देवलांना जे लाकडात आणि पितळेत करावे लागले, ते आपण अंकांत केले!

आप्पांनी गंधार दाबला, पुन्हा दाबला. "गोड हाय," ते म्हणाले, "पण आमचा न्हाई." मग आम्ही त्यांच्या पेटीचा खरा गंधार मोजला. तो ४०० वर नव्हता, ३८६ वरही नव्हता. कोणा मेस्त्रीने कित्येक वर्षांपूर्वी कानाने घासून मधेच कोठेतरी ठेवलेला तो होता, आणि त्या गावाने चाळीस वर्षे त्याच गंधारावर अभंग म्हटले होते. आमचा शुद्ध गंधार आम्हाला पुसावा लागला. १९४० साली रेडिओने पेटीवर बंदी घातली आणि १९७१ मध्ये ती अंशतः उठेपर्यंत पेटी त्या दारात गेली नाही, हा इतिहास आम्ही तावातावाने सांगत असू. शुद्धतेच्या नावाने तोच हुकूम आपण एका खाटेशेजारी सोडत होतो, हे तोवर ध्यानात आले नव्हते.

सर्वांत अवघड होता तो भाता. पायाखालच्या लाकडी पट्टीत दाब ओळखणारी एक पातळ चकती बसवली होती. चिप तिचा दाब शून्य ते १०२३ या अंकांत वाचते. सुरुवातीला मुलाने सरळ हिशेब ठेवला : जितका दाब तितका आवाज. आप्पांना तो पटेना. "दाबलं की मोठा, सोडलं की बंद. हा भाता न्हाई, नळाची चावी झाली." खरा भाता हवा साठवतो. दोन सूर एकदम वाजवले तर ती लवकर संपते. "पाय थांबला तर सूर मरायला पायजे, पण लगेच न्हाई."

तेव्हा मुलाने प्रोग्रॅमात एक नसलेला भाता बांधला. पाय दाबला की त्यात हवा जमा होते, दाबलेली प्रत्येक पट्टी त्यातून हवा खर्च करते, आणि हवा संपली की सर्व सूर बंद. पायाच्या दाबाचे हवेत रूपांतर करण्यासाठी त्याने एकशे अठ्ठावीस अंकांचा एक तक्ता केला. तो भरायला तीन आठवडे लागले. आप्पांचा पाय सकाळी जड असे आणि हरिपाठाच्या वेळेस थकलेला. हलक्या दाबाला तो कापे. तो कंप सुरात येऊ नये म्हणून सुरुवातीचे अंक जवळजवळ सपाट ठेवावे लागले. मधले भराभर चढणारे. मुलगा रोज संध्याकाळी जमिनीवर बसून म्हणे, "आजोबा, अगदी हळू," आणि वहीत आकडा लिही. लोणावळ्यात कैवल्यधामाने १९२४ पासून प्राणायामाचा अभ्यास प्रयोगशाळेत केला; आमच्या ओसरीवरही त्या दिवसांत श्वासच मोजला जात होता. बोट आणि आवाज यांत क्षणभर अंतर पडत असे, तेही आप्पांना कळे. "सूर मागनं येतोय." ते अंतर दहा मिलिसेकंदांच्या आत आणल्यावर त्यांनी तक्रार थांबवली. चिपला त्यांनी नाव ठेवले : सांगकाम्या.

२३ जुलै २०१८, आषाढी एकादशी. जे पंढरीस गेले नव्हते ते गावच्या देवळात जमले होते. बाहेर मावळातला पाऊस, म्हणजे शेजारच्याचे बोलणे ऐकू न येणारा. आप्पा खुर्चीवर, पुढे चौरंगावर पेटी, पायाखाली पट्टी, कोपऱ्यात आमचा जुना लॅपटॉप. पहिले दोन अभंग निर्विघ्न गेले. तिसऱ्यात आप्पांनी सा सोडला आणि तो सुटलाच नाही. बोट पुढे गेले, सा मागे वाजत राहिला. ओलाव्याने पितळी पट्टी सुटताना थरथरली होती आणि 'बंद' या आज्ञेनंतर चिपने चुकून पुन्हा 'चालू' म्हटले होते. मुलाचा चेहरा पांढरा पडला. आम्ही लॅपटॉपची तार उपटायला उठलो.

आप्पांनी नुसता पाय थांबवला. त्या नसलेल्या भात्यातली हवा हळूहळू संपली, सा विझला, टाळ आणि पखवाज चालूच होते, आणि अर्ध्या आवर्तनानंतर त्यांनी पाय पुन्हा टाकून चाल उचलली. देवळातल्या बऱ्याच जणांना त्यांनी दम घेतला असेच वाटले. पाय थांबला की सूर मरायला पाहिजे, हा त्यांचा हट्ट नसता तर तो सा तार उपटेपर्यंत गेला नसता. पुढे मुलाने पट्टी सुटल्यावर आठ मिलिसेकंद थांबून खात्री करण्याची आज्ञा चिपला दिली. तो दोष पुन्हा उद्भवला नाही.

आप्पा त्यानंतर चार वर्षे वाजवीत होते. २०२२ च्या पावसाळ्यात ते गेले.

पेटी आता आमची मुलगी वाजवते. तिचे दोन्ही हात धड आहेत. ती भाता उघडते आणि जुने सूर जुन्याच हवेवर बोलतात. पट्ट्यांखालचे पितळ तिच्या बोटांना जाणवतही नाही. पायाची पट्टी आणि चिप मात्र माळ्यावर गेली. आप्पांची टाच जेथे टेके तेथे लाकूड किंचित खोलगट झाले आहे.

मागील वर्षी तो मुलगा पुन्हा आला. तळेगावच्या पुढच्या एका गावात एका तरुण पेटीवादकाचा डावा पंजा कारखान्यातल्या यंत्रात गेला होता. मुलाने संकोचत विचारले, "सर, मॅडम, आप्पांचं ते यंत्र मिळेल का?" आम्ही नाही म्हणालो. सभ्य शब्दांत म्हणालो, नवीन फलकाचे पैसे देऊ केले. पण नाही म्हणालो. त्या चिपमध्ये आप्पांचा पाय आहे, असे काहीसे आम्ही बोललो. मुलाने वाद घातला नाही. जाताना एवढेच म्हणाला, "मॅडम, तो तक्ता त्याला तसाही लागू पडणार नाही. नवा करावाच लागेल. पट्टी आणि भाता मात्र लागू पडतील."

त्या रात्री आम्ही दोघे बराच वेळ जागे होतो. वर्गात आम्ही काय शिकवतो? देहूच्या इंद्रायणीत बुडवलेली गाथा लोकांच्या मुखात होती म्हणून तरली, असा एक अर्थ आम्ही सांगतो. मौखिक परंपरेत प्रत्येक गाणारा पाठ बदलतो आणि म्हणूनच पाठ जगतो, असेही सांगतो. भाज्याच्या लेण्यात एका नर्तिकेजवळ धनुष्याच्या आकाराची वीणा वाजवणारी आकृती कोरलेली आहे. ती वीणा आपल्या संगीतातून पार नाहीशी झाली. तिचे नातलग वाद्य ब्रह्मदेशात आजही वाजते, कारण तेथे ती हातात राहिली. आमच्याकडे राहिली ती दगडात. आणि आम्ही माळ्यावर नेमके तेच करीत होतो.

दुसऱ्या दिवशी आम्ही मुलाला बोलावले. त्याने चिपमधला तक्ता कागदावर उतरवून दिला : एकशे अठ्ठावीस अंक, आठ ओळींत. पहिले वीस जवळजवळ सारखेच आहेत. तो कागद आम्ही आप्पांच्या अभंगांच्या वहीत ठेवला आणि बाकी सारे त्याच्या स्वाधीन केले.

त्या तरुणाच्या घरी आम्हीही गेलो होतो. त्याच्या जुन्या पेटीखाली मुलाने तारा ओढल्या होत्या. पायाची पट्टी जमिनीवर ठेवली, तेव्हा त्याने टाच ठेवून पाहिली आणि म्हणाला, "हितं आधीच खळगा हाय." कोणी काही बोलले नाही. मुलाने वही उघडली, जमिनीवर मांडी घातली आणि म्हणाला, "दादा, अगदी हळू दाबा." पहिला आकडा आप्पांच्या आकड्याहून पुष्कळ मोठा होता.